घरच्या वर्कशॉपसाठी जुनं ड्रिल मशीन घेताना

हातातल्या ड्रिलने लोखंडी पट्टीला सरळ भोक पाडता येतं, पण दहाच्या दहा भोकं सरळ पडतीलच असं नाही. गेटच्या बिजागऱ्या, सायकलचं कॅरिअर, मुलांच्या प्रोजेक्टसाठीचा स्टँड अशी कामं घरी करायला लागलात की स्टँडवरच्या उभ्या ड्रिल मशीनची गरज आपसूक कळते. नवीन मशीन परवडत नाही म्हणून जुनं बघावं का, असं बरेच जण विचारतात. माझं मत ठाम आहे: बघावंच. नवीन हलक्या मशीनच्या पैशात जुनं वजनदार बिडाचं (ओतीव लोखंडाचं) मशीन मिळू शकतं आणि ते दोन पिढ्या काम देतं. फक्त तपासणी डोळ्यात तेल घालून करायला हवी.

त्या तपासणीचं सूत्र आधीच सांगतो, म्हणजे पुढचं सगळं त्याच्याशी लावून वाचता येईल. मोटर, बेल्ट, चक (बिट पकडणारा जबडा), बेअरिंग, स्विच, रंग या गोष्टी आपल्या सोलापुरात सहज मिळतात किंवा दुरुस्त होतात. बिडाचं ओतकाम तडकलं असेल, स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) वाकला असेल किंवा क्विल (स्पिंडलला घेऊन खाली-वर होणारी नळी) झिजून ढिली झाली असेल, तर मात्र घरच्या बजेटमध्ये इलाज नाही. नवखा माणूस नेमका उलटा घाबरतो. गंजलेला बेस आणि तुटका बेल्ट बघून माघारी फिरतो, आणि नवा हिरवा रंग मारलेलं मशीन बघून भुलतो.

आधी माप ठरवा

मशीन साधारण दोन प्रकारचं मिळतं. टेबलावर ठेवायचं ते बेंच ड्रिल, बहुतेक १३ मिमी क्षमतेचं. जमिनीवर उभं राहतं ते पिलर ड्रिल, २० किंवा २५ मिमीचं. १३ मिमी म्हणजे लोखंडात १३ मिमीपर्यंतचं भोक. लाकडात त्याहून बरंच मोठं चालतं.

घरातल्या एका खोलीत किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात काम करणाऱ्याला अर्धा एचपी मोटरचं बेंच ड्रिल पुरतं. चाळीस ते साठ किलोचं असतं, दोघांना उचलता येतं. पिलर ड्रिल दोनशे किलोच्या पुढे जातं. जागा असेल आणि जाड लोखंडाचं काम असेल तरच त्याच्या मागे लागा.

क्षमतेइतकंच महत्त्वाचं माप म्हणजे स्पिंडलच्या मध्यापासून कॉलमपर्यंतचं, म्हणजे मशीनच्या उभ्या खांबापर्यंतचं अंतर. ते १५० मिमी असेल तर ३०० मिमी रुंद पत्र्याच्या मध्यभागी भोक पाडता येईल, त्याहून रुंद पत्र्याच्या नाही. टेप लावूनच बघा.

तिसरं म्हणजे सर्वात कमी स्पीड किती. हायस्पीड स्टीलचा बिट साध्या लोखंडात मिनिटाला साधारण २५ मीटर वेगाने कापतो. त्या हिशेबाने ६ मिमीच्या बिटला १३०० आरपीएम (मिनिटाला फेरे), १० मिमीला ८०० आणि २० मिमीला ४०० च्या आसपास लागतात. होल सॉ (गोल करवत) लावून ५० मिमीचं भोक पाडायचं असेल तर दीडशे-दोनशेवर यावं लागतं. मशीनवर तक्ता नसेल तर पुलीवरून काढा: मोटरचे आरपीएम गुणिले मोटरच्या पुलीचा व्यास, भागिले स्पिंडलच्या पुलीचा व्यास. १४४० ची मोटर, तिच्यावर ६० मिमीची पुली आणि स्पिंडलवर १५० मिमीची, म्हणजे ५७६.

सोलापुरात कुठं शोधायचं

आपल्या शहराला यंत्रांचा शेजार जुना आहे. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून इथं फिटर, टर्नर, जॉबर तयार होत आले. मिल बंद पडल्या, पण त्या हातांची विद्या पॉवरलूमच्या शेडमध्ये आणि छोट्या वर्कशॉपमध्ये टिकून राहिली. म्हणून मशीनही तिथेच शोधा.

अक्कलकोट रोड एमआयडीसी, होटगी रोडची औद्योगिक वसाहत आणि चिंचोळी एमआयडीसी या तीन ठिकाणी चक्कर मारा. दुकानाच्या पाटीपेक्षा शेडच्या मागच्या बाजूला लक्ष ठेवा. लूमचे सुटे भाग करणारा, फॅब्रिकेशनवाला, ट्रॉली आणि शेतीची अवजारं बनवणारा यांनी मोठं मशीन घेतलं की जुनं कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून राहतं. "अण्णा, एखादं जुनं ड्रिल द्यायचं आहे का कुणाला?" एवढं विचारून चहा घ्या. आज नसेल तर दोन आठवड्यांनी फोन येतो. मोटर वाइंडिंगवाल्यालाही सांगून ठेवा, कारण कुणाची शेड बंद होतेय हे त्याला सगळ्यांच्या आधी कळतं.

चालू शेडमध्ये विजेला जोडलेलं मशीन मिळालं तर सोन्याहून पिवळं, चालवून बघता येतं. भंगारवाल्याकडे भाव कमी असतो, पण चक नाही, मोटर नाही आणि आधी कुणी वापरलं याचा पत्ता नाही. पहिल्या खरेदीला भंगारातलं मशीन घेऊ नये असं मला वाटतं, सोबत जाणता फिटर असेल तर गोष्ट वेगळी. मोबाइलवरच्या जाहिराती बघायला हरकत नाही, पण फोटो बघून बयाणा देऊ नका. पुण्या-कोल्हापूरकडचं मशीन स्वस्त दिसतं, त्यात टेम्पोचं भाडं मिळवलं की फरक उरत नाही.

जाताना पिशवीत काय न्यावं

१० मिमीचा कोरा बिट, १० मिमीचाच गुळगुळीत सरळ रॉड (बेअरिंगच्या दुकानात ग्राउंड रॉडचा तुकडा मिळतो), गुण्या, व्हर्निअर, बॅटरी, चिंधी, थोडं घासलेट किंवा डिझेल, खडूचा तुकडा, लहान हातोडी, सेंटर पंच आणि १२ मिमी जाडीची एक लोखंडी पट्टी. मॅग्नेटिक स्टँडसह डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापयंत्र) कुणाकडून मागून आणता आला तर फारच उत्तम. टर्नर ओळखीचा असेल तर गेजसकट त्यालाच घेऊन जा.

मशीन बंद असताना

खरा निकाल इथेच लागतो, म्हणून घाई करू नका. मालकाला आधीच सांगा की अर्धा-पाऊण तास लागेल. ज्याला प्रामाणिकपणे विकायचंय तो नाही म्हणत नाही.

ओतकामापासून सुरुवात करा. बिडाला वाकणं माहीत नाही, ते तडकतं. तडा जाण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: टेबल कॉलमला जिथे आवळतं तो मुद्दाम फट ठेवलेला क्लँप, हेडचा (मोटर-स्पिंडलच्या वरच्या भागाचा) तसाच क्लँप आणि बेसला बोल्ट लागतात ते कोपरे. लॉक हँडलला पाइप घालून आवळणारे महाभाग प्रत्येक शेडमध्ये असतात, त्याने क्लँपचा कान तडकतो. शंका आली तिथे चिंधीने साफ करा, घासलेट लावा, दोन मिनिटांनी कोरडं पुसा आणि वर खडू घासा. तडा असेल तर आत मुरलेलं घासलेट बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळपट रेघ उमटते. हातोडीने हलकं वाजवूनही कळतं. धड बीड खणखणतं, तडकलेलं बद्द वाजतं. बिडावर वेल्डिंगची जाड शिवण दिसली आणि ती क्लँपवर असेल, तर ते मशीन तिथेच सोडा. नव्या रंगाखाली पुट्टी भरलेली असू शकते. बोटाने चाचपून बघा, पुट्टी गुळगुळीत लागते, ओतीव बिडाला बारीक खरखर असते.

टेबलावर भोकं पडलेली असतातच. चार-पाच बारीक खड्डे म्हणजे वापराच्या खुणा. मध्यभागी चाळणी झाली असेल तर वर जाड प्लेट बसवून वापरता येतं, भावात मात्र कापून घ्या.

आता क्विल. हँडल ओढल्यावर स्पिंडलला घेऊन जी नळी खाली उतरते ती क्विल. ती पूर्ण खाली घ्या, लॉक करू नका, आणि चक दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे ढकला. हाताला टकटक जाणवली तर क्विल हेडच्या भोकात ढिली आहे किंवा स्पिंडलचं बेअरिंग गेलंय. यातलं कोणतं ते ओळखायला क्विलच्या नळीवर, हेडला लागून, बोट टेकवा आणि पुन्हा हलवा. नळीच हलत असेल तर झीज क्विलची, म्हणजे महागात पडणारी. नळी स्थिर असून फक्त चक हलत असेल तर बेअरिंग. लहान मशीनमध्ये ते बहुधा ६२०३, ६२०४ अशा सर्रास मिळणाऱ्या नंबरचं असतं. हँडल सोडल्यावर क्विल आपोआप वर गेली पाहिजे. जात नसेल तर स्प्रिंग तुटलेली किंवा सैल. तो मोठा दोष नाही, पण स्प्रिंगचं झाकण स्वतः उघडू नका. आत गुंडाळलेली पट्टी सुटली तर हात फाडते.

मग स्पिंडल. चकमध्ये ग्राउंड रॉड पकडा, चावीने तिन्ही भोकांत आवळा, डायल गेज टेबलावर ठेवून टोक रॉडला लावा आणि पुली हाताने फिरवा. चकपासून इंचभर खाली काटा ०.१ मिमीच्या आत हलला तर जुन्या मशीनसाठी छान, ०.२ पर्यंत घरच्या कामाला चालतं. जास्त हलला तरी लगेच नाराज होऊ नका, कारण दोष कदाचित चकचा असेल. पिलर ड्रिलमध्ये स्पिंडलला आतून मोर्स टेपर (एमटी), म्हणजे निमुळतं भोक असतं. क्विलच्या खिडकीतून ड्रिफ्ट (चपटी पाचर) ठोकून चक काढा आणि गेजचं टोक थेट टेपरच्या आतल्या भिंतीला लावा. इथे काटा जवळपास स्थिर असेल तर स्पिंडल धड आहे, चक बदला. इथेही उड्या मारत असेल तर बेअरिंग किंवा स्पिंडल. बेअरिंग बदलून देतो म्हणाला तर बदलल्यावर पुन्हा मोजायचं, तोवर पैसे नाहीत. टेपरमध्ये बोट घालून फिरवा. आत ओरखडे, उभे चर लागले तर बिट आत घसरून फिरलेला आहे, असा टेपर पुढेही घसरेल. कोणता टेपर आहे तेही विचारून ठेवा. एमटी २ मध्ये साधारण १४ ते २३ मिमीचे टेपर शँक बिट थेट बसतात, एमटी ३ मध्ये त्यापुढचे ३२ पर्यंत. एमटी २ चं तोंड १७.८ मिमीचं असतं, त्यामुळे व्हर्निअर लावूनच ओळखता येतं.

गेज नसेल तर? रॉडशेजारी टेबलावर टेकवून एक टोकदार खिळा उभा करा, रॉडला जेमतेम लागेल असा, आणि मागे पांढरा कागद धरून पुली फिरवा. फट उघडझाप करताना डोळ्याला दिसली तर रॉड बराच डगमगतोय.

टेबल काटकोनात आहे का ते बघायला गुण्या टेबलावर उभा करून रॉडला टेकवा, एकदा समोरून, एकदा बाजूने. बाजूचा फरक टेबल तिरपं करण्याच्या बोल्टवर दुरुस्त होतो. समोरून फट दिसली तर टेबल वाकलेलं, कॉलम सैल किंवा क्लँप झिजलेला. तिथे कारण सापडेपर्यंत हो म्हणू नका.

आता चालू करून

आधी बेल्ट काढायची परवानगी मागा. बेल्ट काढून नुसती मोटर चालवा आणि ऐका. मग मोटर बंद करून स्पिंडलची पुली हाताने जोरात फिरवून सोडा आणि ऐका. घरघर कुठून येते ते असं वेगळं कळतं. बेल्ट लावून ऐकलं तर सगळे आवाज एकमेकांत मिसळतात आणि विकणारा म्हणतो, बेल्ट जुना आहे म्हणून वाजतंय. बेल्टला भेगा असतील तर असू द्या, नंबर बघून नवा आणायचा, स्वस्तातली वस्तू आहे.

बेल्ट परत चढवून पंधरा मिनिटं मोकळं चालू ठेवा. मग स्विच बंद करून, चक पूर्ण थांबल्यावर, हेडला बेअरिंगच्या जागी हात लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर बेअरिंग संपलंय.

शेवटी भोक. १२ मिमीची पट्टी टेबलावर क्लँप करा, पंच मारा, कोरा बिट लावून १० मिमीचं भोक पाडा. बिट कोरा हवा, कारण वाकडी धार लावलेल्या बिटाने चांगल्या मशीनवरही भोक मोठं पडतं आणि मग दोष कुणाचा ते कळत नाही. बिटाच्या दोन्ही धारांवरून सारख्या जाडीच्या दोन वळ्या निघाल्या पाहिजेत. मशीन दाबाखाली दमतंय का, बेल्ट घसरतोय का, हेड थरथरतंय का बघा. भोक व्हर्निअरने मोजा. १०.१, १०.२ ठीक आहे. १०.४ च्या पुढे गेलं तर वरची गेजची मापं पुन्हा तपासा.

मोटर सिंगल फेज की थ्री फेज

शेडमधली बरीच मशीन थ्री फेजवर असतात आणि घरी आपल्याकडे सिंगल फेज. इथे अनेकांचा सौदा मोडतो, मोडायची गरज नसते. मशीन धड असेल तर तीन वाटा आहेत.

सगळ्यात सरळ वाट म्हणजे थ्री फेज मोटर विकणाऱ्यालाच ठेवू द्या, तेवढा भाव कमी करा आणि सिंगल फेज मोटर बसवा. नेमप्लेटवर १४४० आरपीएम वाचूनच घ्या. २८८० ची मोटर बसवली तर प्रत्येक स्पीड दुप्पट होतो, मोठा बिट जळतो आणि होल सॉ हातात येतो. फ्रेमचा आकार आणि शाफ्टचा व्यासही जुन्या मोटरशी जुळवा, नाहीतर पुली बसत नाही.

दुसरी वाट व्हीएफडीची, म्हणजे मोटरचा स्पीड बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हची. सिंगल फेज आत, थ्री फेज बाहेर, आणि वर स्पीड कमी-जास्त करायची सोय. पण त्यातून बाहेर येतं ते २३० व्होल्ट. आपल्याकडच्या लहान थ्री फेज मोटरी बहुधा ४१५ व्होल्टला स्टार जोडलेल्या असतात (स्टार आणि डेल्टा या आतल्या वायरी जोडायच्या दोन पद्धती). २३० वर पूर्ण ताकद हवी असेल तर त्या डेल्टा जोडाव्या लागतात, आणि टर्मिनल बॉक्समध्ये तीनच वायरी असतील तर वाइंडरकडून आतला जोड उघडून सहा वायरी बाहेर काढून घ्याव्या लागतात. शेतीपंप आणि लूम यांच्यामुळे आपल्याकडे वाइंडिंगवाले हुशार आहेत, त्यांना हे नवीन नाही.

तिसरी वाट म्हणजे थ्री फेज मोटरला कपॅसिटर लावून सिंगल फेजवर फिरवणं. फिरते, पण ताकद बरीच उतरते आणि मोटर तापते. मी हा सल्ला देत नाही.

मोटर कोणतीही असो, झाकण उघडून वास घ्या. जळक्या वार्निशचा वास लपत नाही. बॉडीला करंट उतरतोय का ते वायरमनकडून मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासून घ्या. टेस्टर लावून लुकलुकला नाही म्हणजे झालं, असं समजू नका.

भाव कसा काढायचा

आकडा सांगण्यात अर्थ नाही, दर बदलत राहतात. दोन टोकं शोधा. खालचं टोक म्हणजे मशीनचं वजन गुणिले त्या दिवसाचा बिडाचा भंगार दर. त्याखाली कुणीच देणार नाही. वरचं टोक म्हणजे त्याच क्षमतेच्या, त्याच वजनाच्या नव्या मशीनचा भाव, जो हार्डवेअरच्या दुकानात विचारून घ्यायचा. मग कागदावर लिहा: चक, बेअरिंग, बेल्ट, मोटर, स्टार्टर, टेम्पो, हमाली. हा सगळा खर्च मशीनच्या किमतीत मिळवून नव्याच्या निम्म्यापर्यंत बसत असेल तर सौदा चांगला. पाऊणच्या पुढे गेला तर थोडं थांबून नवीन घ्या. व्हाईस, चावी, ड्रिफ्ट, जुने टेपर बिट सोबत मागा. मालकाला त्यांचा उपयोग उरलेला नसतो, आणि आपल्याला एकेक विकत घ्यायला जड जातं.

पावती घ्याच. बिल देणारा नसेल तर साध्या कागदावर मशीनचं वर्णन, नंबर असेल तर नंबर, रक्कम, तारीख आणि दोघांच्या सह्या. चोरीचं मशीन गळ्यात पडू नये म्हणून हा कागद.

घरी आणताना

बेंच ड्रिल रिक्षा टेम्पोत येतं. पिलर ड्रिलला छोटा हत्ती आणि किमान तीन माणसं. उचलण्याआधी बेल्ट आणि वायरिंगचे फोटो काढा, मोटर उतरवा, टेबल आणि हेड सोडवून वेगळे करा. हेडचा क्लँप सैल करताना खाली दोघांनी आधार दिल्याशिवाय बोल्टला हात लावू नका. लहान मशीनच्या टेबलाला रॅक (टेबल वर-खाली करायची दातेरी पट्टी) नसतो, लॉक सुटलं की ते सरळ पायावर येतं. टेबलाखाली लाकडी ठोकळा ठेवून मगच लॉक सोडा. क्विलच्या हँडलला धरून मशीन कधीच उचलायचं नाही, त्यानेच पिनियन (क्विल खाली-वर करणारा दातेरी दांडा) वाकतो.

बसवताना

बेंच ड्रिल टेबलाला आणि पिलर जमिनीला बोल्टने बांधलंच पाहिजे. वजन वर असतं, जॉब (भोक पाडायचा तुकडा) अडकला की मशीन कलंडतं. १६ अँपिअरचा वेगळा सॉकेट, तांब्याची २.५ चौरस मिमीची वायर, एमसीबी आणि चांगलं अर्थिंग.

साध्या बटणाऐवजी नो-व्होल्ट कॉइल असलेला स्टार्टर लावा. आपल्याकडे वीज जाते-येते. साधं बटण चालू राहिलं आणि तुम्ही चकमध्ये बिट बदलत असताना वीज आली, तर मशीन तुमच्या हातासकट फिरायला लागतं. नो-व्होल्टचा स्टार्टर वीज गेली की सुटतो आणि पुन्हा दाबल्याशिवाय चालू होत नाही. स्टार्टरमधला ओव्हरलोड (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा भाग) नेमप्लेटवरच्या अँपिअरला लावून घ्या. बेल्टचं कव्हर जुन्या मशीनवर बहुधा हरवलेलं असतं, पत्र्याचं करून घ्या.

वापरताना हातमोजे घालायचे नाहीत. फिरत्या बिटात मोज्याचा धागा अडकला तर बोट आत ओढलं जातं. ओढणी, पदर, सैल बाही, मोकळे केस, सगळं आधी आवरून घ्या आणि चष्मा लावा. जॉब हातात धरून भोक पाडायचं नाही, बिट पलीकडे निघताना जॉबला पकडतो आणि पत्रा पात्यासारखा फिरतो. व्हाईसमध्ये धरा आणि व्हाईस टेबलाला बोल्टने बांधा. चकची चावी चकमध्ये कधी सोडायची नाही. ती मशीनला साखळीने बांधू नका, चुंबकावर चिकटवून ठेवा. साखळी फिरत्या चकमध्ये गुंतते.

पहिल्या आठवड्यात कॉलम आणि क्विल घासलेटने स्वच्छ करून तेलाचा पातळ हात मारा, रॅकला ग्रीस लावा. आपल्याकडे हवा कोरडी, गंजाचा त्रास कमी. धूळ मात्र उन्हाळ्यात तेलावर बसून कानसीसारखी काम करते. म्हणून काम संपलं की ब्रशने कीस झाडायचा, कॉलम पुसायचा आणि जुनी चादर टाकून मशीन झाकून ठेवायचं.